वाट सांगणे : एक भाषापाठ

श्रवण, भाषण, वाचन व लेखन ही मातृभाषेच्या अध्यापनाची चार अंगे होत, हे आपणा सर्वांस अध्यापक विद्यालयापासून ठाऊक आहे. त्यांपैकी वाचन व लेखन यांकडे आपल्या शाळांतून पुष्कळ लक्ष पुरविले जाते. भाषणाचे मात्र कविता म्हणून दाखविणे, गोष्ट सांगणे व जयंती-पुण्यतिथीच्या दिवशी पाठ केलेले भाषण म्हणणे एवढ्यावर भागते. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. मूल बोलते, परंतु ते ऐकून कोणास काही करावयाचे नसते. बोलणे चुकले, अर्धवट राहिले, तरी कोणाचे काही अडत नाही.

वाट सांगणे हा भाषाव्यवहार याहून निराळा आहे. येथे ऐकणारा मनुष्य सांगणाऱ्याच्या शब्दांवर विसंबून पाऊल उचलतो. शब्द नेटके असतील तर तो इष्ट स्थळी पोहोचतो, नसतील तर भलतीकडे जातो. या पाठाची परीक्षा गुरुजींच्या लाल शाईने होत नाही, ती वाटसरूच्या पायांनी होते. म्हणूनच तोंडी व लेखी भाषेच्या अध्यापनात या विषयास स्वतंत्र स्थान द्यावे, असे सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाची निकड

खेड्यातील मुलास वाट सांगावयास शिकवण्याची काय गरज, अशी शंका काही शिक्षकबंधूंच्या मनात येईल. गावात सारे एकमेकांस ओळखतात, परका मनुष्य आला तर कोणी तरी त्यास नेऊन सोडतोच, आणि हल्ली तर हातातील मोबाईलवरच नकाशा दिसतो, असे म्हटले जाते. यांत तथ्य नाही असे नव्हे. परंतु गरज लागते ती नेमकी या सोयी नसतात तेव्हा.

महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा चालू आहे. समजा, मळ्यातील वस्तीवर रात्री कोणास सर्पदंश झाला. कर्ती माणसे शेतावर पाणी धरावयास गेली आहेत, घरी आजी आणि इयत्ता चौथीत शिकणारी नात आहे. दूरध्वनी लावण्याचे काम अर्थातच नातीकडे येते. पलीकडून बोलणारी व्यक्ती शेकडो किलोमीटर दूर बसलेली आहे. तिने हे गाव कधी पाहिलेले नाही. मोबाईलच्या नकाशात गावाचे नाव सापडते, पण मळ्यातील वस्तीचे नाव बहुधा सापडत नाही. गाडी गावाच्या पारापर्यंत येते आणि तेथेच घोटाळत राहते. शेवटचा मैलभर रस्ता नकाशा सांगत नाही, तो घरच्या माणसालाच सांगावा लागतो. "मोठ्या चिंचेपाशी या" एवढेच त्या मुलीस सांगता आले, तर दहा-पंधरा मिनिटे वाया जातील. आणि सर्पदंशाच्या रोग्यास तेवढा वेळही मोलाचा असतो. हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे पाठाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

मुले कोठे अडतात ?

शाळाभेटीच्या वेळी मी मुलांस एक प्रश्न नेमाने विचारीत असतो : "बाळ, मला एस. टी. थांब्यापासून तुझ्या घरी यावयाचे आहे. कसा येऊ ?" बहुतेक ठिकाणी मिळणारे उत्तर साधारण अशा धर्तीचे असते :

"असं सरळ यायचं. मग तिकडं वळायचं. तिथं आमच्या काकांचं दुकान आहे. त्याच्या अलीकडंच आमचं घर आहे. कुणालाही विचारा."

हे उत्तर देणारे मूल मंद नसते. ते या वाटेने दररोज ये-जा करते व डोळे मिटूनही घरी जाऊ शकेल. तथापि त्याच्या उत्तराने परका मनुष्य घरी पोहोचणार नाही. त्याची कारणे अशी :

१. 'असं सरळ' म्हणताना मुलाने हात केला. हात ज्यास दिसतो त्याच्यापुरताच त्या शब्दाला अर्थ आहे.

२. 'तिकडं' म्हणजे कोणत्या हाताला, आणि किती चालल्यावर, हे सांगितलेले नाही.

३. 'काकांचं दुकान' ही खूण नव्हे. काका कोण, हे परक्यास ठाऊक नसते. दुकानाचा रंग, पाटीवरील अक्षरे, बाहेरील ओटा यांपैकी काही सांगितले असते तर ती खूण झाली असती.

४. 'अलीकडं' हा शब्द बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून आहे. थांब्याकडून येणाऱ्याची अलीकडली बाजू ही मुलाच्या दृष्टीने पलीकडली असू शकते.

५. 'कुणालाही विचारा' म्हणजे वाट सांगण्याचे काम दुसऱ्यावर सोपविणे होय.

या पाचही दोषांचे मूळ एकच आहे. मुलास वाट ठाऊक नाही असे नाही. ऐकणाऱ्यास ती ठाऊक नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही. आपल्या डोळ्यांपुढील चित्र दुसऱ्याच्याही डोळ्यांपुढे आहे असे ते गृहीत धरते. यास्तव या पाठात शब्दसंग्रह वाढविणे हे दुय्यम असून, ऐकणाऱ्याच्या जागी उभे राहून बोलावयास शिकविणे हे मुख्य कार्य होय. शिक्षकाने हे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढील सर्व पायऱ्या आपोआप सुचतात.

पूर्वतयारी

प्रत्यक्ष पाठापूर्वी चार गोष्टींची तयारी करून घ्यावी.

*दिशा.* 'सूर्य पूर्वेस उगवतो' हे वाक्य मुलांस पाठ असते, परंतु ते वर्षातून दोनच वेळा, म्हणजे २१ मार्च व २३ सप्टेंबर यांच्या सुमारास, काटेकोरपणे खरे असते. आपल्या राज्यात जून महिन्यात सूर्य पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेस व डिसेंबरात तितकाच दक्षिणेस उगवतो. म्हणून उगवतीकडे तोंड करून दिशा ठरविण्याऐवजी शाळेच्या अंगणात पुढील प्रयोग करावा. सपाट जागी एक सरळ काठी उभी रोवावी. सकाळी दहाच्या सुमारास तिच्या सावलीच्या टोकावर खुंटी ठोकावी. काठीच्या बुंध्यापासून त्या खुंटीपर्यंत दोरी धरून जमिनीवर वर्तुळ आखावे. सावली दुपारपर्यंत आखूड होते व नंतर पुन्हा लांबते. दुपारनंतर तिचे टोक ज्या क्षणी पुन्हा वर्तुळास टेकेल, त्या ठिकाणी दुसरी खुंटी ठोकावी. पहिली खुंटी पश्चिमेस, दुसरी पूर्वेस. दोहोंस जोडणारी रेषा ही पूर्व-पश्चिम रेषा होय. ती चुन्याने आखून कायम ठेवावी. तिला काटकोनात दुसरी रेषा काढली की उत्तर-दक्षिण मिळते. मुलांनी स्वतः काढलेली ही दिशा त्यांस आयुष्यभर विसरत नाही.

*डावे-उजवे.* डावा हात कोणता हे दुसरीतील मुलास कळते. परंतु समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात कोणता, हे सांगताना चौथीतील मूलही गोंधळते. दोन मुलांस समोरासमोर उभे करून एकमेकांचे हात ओळखावयास लावावे. मग एकास पाठमोरे फिरवून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. डावे-उजवे हे माणसाच्या तोंडावर अवलंबून असते, हे यातून पटते. वरच्या वर्गांत नदीच्या तीरांचे उदाहरण द्यावे. प्रवाह ज्या दिशेस वाहतो तिकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताचा तो उजवा तीर, असा भूगोलातील संकेत आहे. त्याप्रमाणे नाशिकची जुनी वस्ती गोदावरीच्या उजव्या तीरावर, तर पंचवटी डाव्या तीरावर येते. तोंड कोणीकडे हे आधी ठरवून घेतल्यामुळेच या शब्दांत संदिग्धता राहत नाही.

*अंतर.* 'हाकेच्या अंतरावर', 'हे काय, इथेच', 'थोडे पुढे' हे आपल्या बोलीतील गोड शब्द आहेत. त्यांचा त्याग करावयास सांगू नये. परंतु त्यांच्या जोडीला माप असावे. जुन्या लोकांचा कोसही सर्वत्र सारखा नसे. १९५६ च्या कायद्यान्वये देशाने दशमान मापे स्वीकारली, तरी मीटर म्हणजे किती चालणे, हे पुष्कळ मुलांस उमगलेले नसते. शाळेसमोर टेपने १०० मीटर अंतर मोजून दोन दगड रोवावेत व प्रत्येक मुलास ते अंतर चालून आपली पावले मोजावयास सांगावे. ज्याची १०० मीटरला १६० पावले भरतात, त्यास आपले घर शाळेपासून किती मीटर हे स्वतः काढता येईल. भाषेच्या तासाला गणिताचा हा उपयोग मुलांस फार आवडतो.

*खूण.* चांगली खूण तीच, जी परक्यास दिसते, ओळखता येते व उद्याही तेथेच असते. 'जेथे म्हैस बांधली आहे तेथून' किंवा 'ज्वारीच्या शेताकडून' अशा खुणा मुले नेहमी देतात. म्हैस सोडली की व ज्वारी काढली की खूण नाहीशी होते. पाण्याची टाकी, देऊळ, पूल, विजेचे रोहित्र, वडाचा पार, शाळेची इमारत या टिकाऊ खुणा होत. ओढा ही खूण उन्हाळ्यात चांगली; परंतु पावसाळ्यात त्याला पाणी असते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. रात्री न दिसणारी खूण रात्रीच्या वाटसरूच्या कामाची नाही. मोठ्या रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांकडेही मुलांचे लक्ष वेधावे. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गावर, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गावर व नारिंगी माथ्याचा ग्रामीण रस्त्यावर असतो. त्यावरील आकडा ही दूरच्या माणसास सांगण्यासारखी पक्की खूण होय.

पाठाच्या पायऱ्या

*पहिली पायरी : चिंचोक्यांचा खेळ.* हा इयत्ता पहिली-दुसरीपासून घेता येतो. दोन मुलांस पाठीला पाठ लावून बसवावे. दोघांजवळ सारखेच साहित्य असावे : पाच चिंचोके, दोन काड्या, एक खडा. पहिल्याने आपल्यापुढे त्यांची काही रचना करावी व ती न दाखविता केवळ शब्दांनी दुसऱ्यास सांगावी. दुसऱ्याने ऐकून तशीच रचना करावी. शेवटी दोघांनी वळून पाहावे. पहिल्या दिवशी रचना जुळत नाहीत व वर्गात हशा पिकतो. त्या वेळी "कोण चुकले ?" असे न विचारता "कोणता शब्द कमी पडला ?" असे विचारावे. 'इथे', 'असा', 'त्याच्या बाजूला' हे शब्द पाठमोऱ्या सोबत्यास निरुपयोगी आहेत, हे मुले स्वतःच शोधून काढतात.

*दुसरी पायरी : अंगणातील वाट.* एका मुलाचे डोळे रुमालाने बांधावेत. दुसऱ्याने त्यास "पाच पावले पुढे चल, थांब, उजव्या हाताला वळ" अशा शब्दांनी अंगणातील झाडापर्यंत न्यावे. अंगणात खड्डा, दगड किंवा पायऱ्या नाहीत हे शिक्षकाने आधी पाहून घ्यावे. येथे मुलास एक महत्त्वाचा धडा मिळतो : एका वेळी एकच सूचना द्यावी व ती पुरी झाल्यावर दुसरी. तीन सूचना एकदम दिल्या की डोळे बांधलेले मूल जागीच उभे राहते.

*तिसरी पायरी : तोंडी वाट.* आता गावातील वाट घ्यावी. एक मूल वाटसरू होईल, दुसरे वाट सांगेल. सांगणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधावेत, म्हणजे हाताने दाखविण्याची सवय सुटते. संभाषण गावच्या रीतीने व्हावे. "काका, तुम्हाला तलाठी कार्यालयात जायचं आहे ना ? आता तुमचं तोंड देवळाकडे आहे. तसेच पुढे चला," अशी सुरुवात झाली म्हणजे पहिली पायरी साधली; कारण मुलाने वाटसरूचे तोंड कोणीकडे आहे याचा विचार केला. सांगून झाल्यावर वाटसरूने वाट उलट म्हणून दाखवावी व सांगणाऱ्याने चूक असल्यास दुरुस्त करावी. तोंडी भाषेचा हा मोठा लाभ आहे. ऐकणाऱ्यास पुन्हा विचारता येते.

*चौथी पायरी : लेखी वाट.* कागद पुन्हा विचारू देत नाही. लिहिणारा जवळ नसतो, त्याचा हात दिसत नाही, आवाजही ऐकू येत नाही. म्हणून लेखनात सर्व गोष्टी आधीच सांगाव्या लागतात. मुलांस सहा प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत : कोठून निघावयाचे ? तोंड कोणीकडे करावयाचे ? किती चालावयाचे ? कोणती खूण दिसेल ? कोणत्या हाताला वळावयाचे ? चुकलो हे कशावरून समजावे ? शेवटचा प्रश्न बहुधा कोणास सुचत नाही, पण अनोळखी माणसास त्याचाच आधार मोठा वाटतो.

नमुन्यादाखल एका कल्पित गावातील वाट पुढे देत आहे :

"एस. टी. थांब्याच्या निवाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. समोर डांबरी रस्ता दिसेल. तो ओलांडू नये. उजवीकडे वळून रस्त्याच्या कडेने सुमारे २०० मीटर चालावे. डाव्या हाताला, रस्त्यापलीकडे, पाण्याची उंच टाकी दिसेल. टाकीच्या समोरच उजवीकडे सिमेंटचा रस्ता फुटतो. त्याने आत यावे. थोड्याच अंतरावर मारुतीचे देऊळ लागते व तेथे दोन वाटा होतात. देऊळ आपल्या उजव्या हाताला राहील अशी वाट धरावी. सुमारे १०० पावलांवर निळ्या फाटकाची बैठी इमारत आहे. तीच आमची शाळा. ओढ्यावरचा पूल लागला, तर शाळा मागे राहिली असे समजून देवळापाशी परत यावे."

या उताऱ्यात एकही अवघड शब्द नाही, अलंकार नाही. वाक्ये लहान आहेत व चालण्याच्या क्रमानेच येतात. क्रियापदांचे रूप आरंभापासून अखेरपर्यंत एकच, 'करावे-चालावे' असे आहे. मुले पुष्कळदा 'जा', 'जायचे', 'जातो', 'जाल' अशी सरमिसळ करतात; ती या निमित्ताने सुधारता येते. 'प्रथम', 'नंतर', 'तेथून', 'ओलांडताच', 'पर्यंत' या शब्दांचे व्याकरणही येथे ओघाने शिकविता येते.

'वर' व 'खाली' या शब्दांविषयी स्वतंत्र सूचना द्यावीशी वाटते. डोंगराळ भागात 'वर' म्हणजे चढाच्या बाजूस, नकाशात 'वर' म्हणजे बहुधा उत्तरेस, आणि इमारतीत 'वर' म्हणजे माडीवर. कोकणातील मूल 'वरच्या वाडीत' म्हणते, तेव्हा ते बरोबरच बोलते; मात्र परक्यासाठी 'चढ चढून' एवढे दोन शब्द त्यास जोडावेत. मुलाची बोली चुकीची ठरवू नये. ती परक्यास कशी कळेल एवढेच पाहावे.

*पाचवी पायरी : परीक्षा.* लिहिलेली वाट शिक्षकाने तपासू नये. ती चालून पाहावी. एका मुलाने लिहिलेला कागद दुसऱ्याच्या हाती द्यावा व त्याने कागदाबाहेरचे काही न वापरता चालावे. अडचण अशी येते की गावातील सर्वच मुलांस गाव ठाऊक असते. येथे वर्गात नव्याने दाखल झालेले मूल फार उपयोगी पडते. ऊसतोडणीसाठी वा वीटभट्टीच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आपल्या शाळांतून येतात. अभ्यासात मागे म्हणून ती बहुधा शेवटच्या ओळीत बसलेली असतात. या पाठात मात्र त्यांच्यासारखा परीक्षक दुसरा नाही. त्यांस गाव ठाऊक नाही, हेच येथे त्यांचे बळ ठरते. अशा मुलाच्या हाती कागद देऊन "हा तुला पोहोचवतो का, ते पाहून ये" असे सांगावे, सोबतीला शिक्षक वा मोठा विद्यार्थी द्यावा, आणि परत आल्यावर कोणते वाक्य उपयोगी पडले व कोणते नाही, हे त्यालाच वर्गास सांगू द्यावे. ज्या मुलाकडे वर्गाने आजवर लक्ष दिले नाही, त्याचे बोलणे त्या दिवशी सर्व वर्ग कान देऊन ऐकेल. भाषापाठाच्या जोडीने साधणारा हा लाभ लहान नव्हे.

पत्ता आणि वाट

पत्रलेखन शिकविताना आपण पत्ता लिहावयास शिकवितो. पत्ता व वाट यांतील भेद मुलांस स्पष्ट करून द्यावा. पत्ता 'कोठे' ते सांगतो. वाट 'कसे' ते सांगते. पत्त्यातील सहा अंकी पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिला अंक देशातील विभाग दाखवितो. महाराष्ट्र व गोवा यांचे क्रमांक ४ ने सुरू होतात. शेवटचे तीन अंक विशिष्ट टपाल कार्यालय दाखवितात. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून पत्र गावच्या टपाल कार्यालयापर्यंत या सहा अंकांनी येते. तेथून पुढे पोस्टमन गाव ओळखतो म्हणून घरी येते. रुग्णवाहिकेचा चालक गाव ओळखीत नाही. त्याला पत्त्याबरोबर वाटही हवी.

वस्त्यांच्या नावांविषयीही येथे सांगणे अगत्याचे आहे. अनेक गावांतून वस्त्या जातीच्या नावाने ओळखल्या जात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तरी बोलण्यात जुनी नावे रेंगाळतात. वाट सांगण्याच्या पाठात ती हटकून पुढे येतात, व ती ऐकून त्या वस्तीतील मूल मान खाली घालते. शिक्षकाने ग्रामपंचायतीकडून नवे नाव माहीत करून घ्यावे, तेच फळ्यावर लिहावे व तेच वापरावे.

त्याचप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेचा एक नियम पाठाबरोबरच शिकवावा. परक्या माणसास वाट सांगणे हे सौजन्य आहे. परंतु त्याच्याबरोबर जाणे किंवा त्याच्या वाहनात बसणे नाही. जागच्या जागी उभे राहून सांगावे. तो फारच आग्रह करू लागल्यास जवळच्या मोठ्या माणसास हाक मारावी. ज्यास शब्दांनी नीट सांगता येते, त्यास बरोबर जाण्याची गरजच पडत नाही.

उपयोजन : घराची वाट

पाठाचा शेवट वहीत होऊ नये. प्रत्येक मुलाने एका जाड कागदावर आपल्या घराची वाट सुवाच्य अक्षरांत लिहावी. वर जिल्हा, तालुका, गाव व वस्ती; त्याखाली मोठ्या रस्त्यावरील फाटा व त्याची खूण; मग फाट्यापासून घरापर्यंतची वाट पाच-सहा वाक्यांत; पावसाळ्यात गाडी कोठपर्यंत येते ते एका वाक्यात; आणि शेवटी 'फाट्यावर बॅटरी घेऊन माणूस उभा राहील' हे वाक्य. खाली १०८ व ११२ हे क्रमांक ठळक लिहावेत. हा कागद घरातील मोठ्यांस वाचून दाखवावा, त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या कराव्यात, व मग तो दाराजवळ, परक्यांच्या नजरेस न पडेल पण घरच्यांस चटकन सापडेल अशा जागी लावावा. घाबरलेल्या माणसास वाट सुचत नाही. परंतु लिहिलेले वाचून दाखविता येते. पुष्कळ घरांत शाळेने लिहावयास लावलेला हा पहिलाच मजकूर असेल, की ज्याचा घरास प्रत्यक्ष उपयोग आहे.

काही व्यावहारिक सूचना

एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत हा पाठ सर्व वर्गांस एकत्र घेता येतो. पहिली-दुसरीची मुले चिंचोक्यांचा खेळ खेळतील, तिसरी-चौथीची तोंडी वाट सांगतील व अंगणातील दिशारेषेवर नकाशा काढतील, पाचवीच्या पुढील मुले लिहितील. परिसर अभ्यासातील दिशा व नकाशा हे घटक याच सुमारास घेतल्यास श्रम वाचतात.

तपासताना प्रथम अर्थ, नंतर शुद्धलेखन, हा क्रम ठेवावा. 'उजवीकडे' मधील ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी वाटसरू पोहोचतो. 'उजवीकडे' ऐवजी 'डावीकडे' लिहिले तर तो पोहोचत नाही. पोहोचविणारा मजकूर तयार झाल्यावर मग तो शुद्ध करून घ्यावा, कारण तो दाराजवळ लागावयाचा आहे. तेव्हा शुद्धलेखनाचा आग्रह मुलांसही पटतो.

ज्या मुलास बोलताना अडखळावयास होते, त्यास आरंभी त्याची रोजची वाट द्यावी. अपरिचित वाट देऊ नये. मुलींस वाट सांगण्याची संधी कमी मिळते, कारण गावात परका मनुष्य बहुधा मुलग्यांस विचारतो. म्हणून वर्गात त्यांस मुद्दाम पुढे आणावे.

हा पाठ सुमारे सहा तासिकांत पुरा होतो. साहित्यास खर्च नाही. काठी, दोरी, चुना, चिंचोके व कागद एवढे पुरते. शिक्षक बंधु-भगिनींनी तो या सत्रात करून पाहावा, व कोणत्या वाक्यापाशी मुले अडली, कोणत्या खुणा निरुपयोगी ठरल्या, याची टिपणे केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावीत. एका शाळेचा अनुभव दुसऱ्या शाळेच्या उपयोगी पडेल. आणि त्या टिपणांबरोबर, किती घरांच्या दाराशी वाट लिहिलेला कागद लागला, हा आकडाही अवश्य द्यावा.